माप कोणासाठी दिलं?

आमच्या कळंब भागात कबड्डीचा खेळाडू यंदा कुठल्या मंडळाकडून उतरणार, हे कागदावर ठरत नाही. ते माझ्या दुकानात ठरतं. खेळाडू मंडळाच्या एखाद्या माणसासोबत येतो, चपला दाराबाहेर काढतो, हात बाजूला करून उभा राहतो आणि मी त्याच्या छातीभोवती टेप फिरवते. झालं. याला आमच्याकडे "माप दिलं" म्हणतात. माप दिलं की तो गडी होळीपर्यंत त्या मंडळाचा. मग दुसऱ्या मंडळानं मोटरसायकल देऊ केली तरी तो हलत नाही, आणि हललाच तर त्याला गावोगावच्या मैदानांवर लोक विचारतात, "काहून बावा, दोन जाग्यावर माप देल्लं का?" यापेक्षा मोठी शिवी आमच्या कबड्डीत नाही.

ही चाल मी पाडलेली नाही. कोणी पाडली हे मलाही माहीत नाही. मी साधी शिवणकाम करणारी बाई. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. एकदा गावच्या मंडळानं बाहेरून तयार जर्सी आणल्या आणि पहिल्याच सामन्यात त्या काखेत टराटरा फाटल्या. पोरं त्या चिंध्या घेऊन माझ्याकडे आली. मी काखेला दुहेरी शिवण घातली, बाजू आवळल्या आणि जर्सी होळीपर्यंत टिकल्या. तेव्हापासून ब्लाउज मागे पडले आणि मी जर्सीवाली काकू झाले.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कबड्डीची जर्सी अंगाला चिकटून हवी. सैल कापड म्हणजे समोरच्याच्या हातात आयती मूठ. जो चढाईला जातो त्याला तर मी इतकी घट्ट शिवते की घालताना दोन जण लागतात. कोपऱ्यावर उभा राहून पाय पकडणाऱ्याला खांद्याशी मात्र मोकळं हवं, कारण तो वाकूनच जगतो. चड्डीला इलॅस्टिकसोबत नाडी लागतेच, नाहीतर लाज जाते, आणि ती गेलेली मी पाहिली आहे. पूर्वी पाठीवरचे आकडे मी कापडातून कापून शिवायची. आता ते रंगकाम यवतमाळजवळच्या लोहारा गावातल्या एका कारखान्यात होतं. कापड छापून येतं, मी कापते आणि शिवते. माप मात्र मीच घेते. मोबाईलवर माप पाठवलेलं मी घेत नाही. अंग बघितल्याशिवाय कात्री चालवायची नाही, हा माझा हट्ट, आणि बहुतेक त्या हट्टातूनच ती चाल निघाली असावी.

पोळा झाला की मंडळांची बांधाबांध सुरू होते. खेळ दिवाळीनंतर, पण चर्चा पोळ्यापासून. आणि चर्चेची जागा म्हणजे माझ्या दुकानासमोरचं बाकडं. तिथं तिघं कायमचे. बबनराव हे एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, त्यांचा आवाज अजून गाडीच्या मागच्या दारापर्यंत पोचणारा. देशपांडे सर कोर्टात कारकून होते, सर कधीच नव्हते, पण सगळे सर म्हणतात. आणि रफिकभाईंचं समोर बांगड्यांचं दुकान. गिऱ्हाईक आलं की उठतात, बांगड्या भरतात आणि परत येऊन वाक्य जिथं सोडलं तिथूनच धरतात.

या तिघांनी आयुष्यात कधी कबड्डी खेळलेली नाही. बबनरावांना तर खाली वाकता येत नाही. पण कुठल्या गावचा कोण कुठं जातोय, कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणाच्या सासऱ्याचं मंडळ कुठलं, हे सगळं त्यांना पाठ. मला याचं कायम कुतूहल वाटत आलं आहे. खेळ चालू असताना बघणं मी समजू शकते. पण मैदानावर काळी माती, गुडघाभर गवत, खेळाडू शेतात फवारणी करत असतात, आणि ही माणसं दोन-दोन महिने नुसतं कोण कुठं जाणार यावर बोलतात, भांडतात, अबोला धरतात. खेळ नसताना खेळाचं इतकं काय असतं?

एकदा मी विचारलंच. तर देशपांडे सर म्हणाले, "काकू, माझा मुलगा अमेरिकेत आहे ना, तो सांगत होता. तिकडे बेसबॉल म्हणून खेळ आहे. बॅटीचा, पण क्रिकेट नाही. तिथं खेळाडूचा करार संपला की तो मोकळा होतो. मग सगळा हिवाळाभर, बाहेर बर्फ पडतोय, खेळ बंद, आणि लोक नुसते बोलतात, हा कुठं जाईल, तो कुठं जाईल."

"म्हंजे तिकडं बी बाकडं हाय म्हना," बबनराव म्हणाले.

"बाकडं नसेल. मोबाईलवर बोलतात."

"मंग काय मजा," रफिकभाई म्हणाले. "सामने बैठ के बोलने का. नहीं तो झूठ बोलने में क्या मजा आयेगा?"

मला वाटतं उत्तर त्यातच होतं. सामना सुरू झाला की जे होतं ते होतं, कोणाचं काही चालत नाही. सामने नसतात तेव्हा मात्र प्रत्येकाचं मंडळ जिंकलेलं असतं.

गिऱ्हाईकंही एकेक नमुने. कोठा गावचा एक गडी टेप छातीला लागताच श्वास ओढून छाती फुगवायचा आणि मग वर्षभर जर्सी ढगळ असल्याची तक्रार करायचा. बाभुळगावच्या एका मंडळात दोघांना सातच नंबर हवा होता. शेवटी मी दोघांनाही सात शिवून दिला आणि पंचांनी मैदानावर त्यांचा निकाल लावला. एका शेतकऱ्यानं तर पोळ्याला आपल्या बैलासाठी मंडळाच्या रंगाची झूल शिवायला टाकली, तिच्यावर दहा नंबर. बैलाचं माप घ्यायला मी त्याच्या गोठ्यात गेले. दुसऱ्या दिवशी बाकड्यावर गंभीर चर्चा, की बैलानं माप दिलं ते मंडळाला की मालकाला, आणि मालकानं मंडळ बदललं तर झूल कोणाची. देशपांडे सरांनी निकाल दिला की बैल मालकासोबत जाईल, झूल मंडळाकडे राहील.

आता राजूचं सांगते. खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसले.

राजू आमच्या गावच्या मंडळाचा चढाईपटू. डाव्या पायावर गर्रकन वळून समोरच्याला स्पर्श करून यायचा, ती त्याची ओळख. त्या वळण्याला लोकांनी "राजूची घिरकी" नाव दिलं होतं. तो चढाईला निघाला की बबनराव उभे राहायचे आणि तो परत येईपर्यंत बसायचे नाहीत. शिक्षण बारावीत सुटलं. घरी कापूस, तूर, वडील गणपतराव चांगले कष्टाळू. पण गावात राजूला जी किंमत होती ती शेतीची नव्हती, घिरकीची होती. लग्नात त्याला पुढच्या पंगतीत बसवायचे. ग्रामपंचायतीच्या झेंडावंदनाला बोलवायचे. दरवर्षी पोळ्यानंतर पहिलं माप त्याचं असायचं. कप्तान संदीप त्याला घेऊन यायचा, नारळ फोडायचा, आणि मग बाकीचे.

त्या वर्षी पोळा होऊन गेला, तान्हा पोळा झाला, गणपती बसले आणि उठलेही. राजू आला नाही. संदीप बाकीच्यांना घेऊन आला, पण नारळ तसाच पिशवीत परत नेला. "राजूभाऊ वावरात गुतले हायत," एवढंच म्हणाला.

आणि एका दुपारी राजू आला. बाकड्यावरची मंडळी जेवून आडवी झालेली असतात ती वेळ. दुकानातून नाही, मागच्या अंगणातून आला. हातात पिशवी. त्यातून पांढरं सुती कापड काढलं.

"काकू, एक शर्ट अन् पँट शिवाची हाय. पांढरी."

"लग्न ठरलं का रे?"

तो हसला नाही. मी माप घ्यायला लागले. छाती, खांदा, कंबर. त्याचे खांदे इतके रुंद आणि कंबर इतकी बारीक, की तयार शर्ट त्याला कधीच बसणार नाही. मग पँटचं माप. उजव्या मांडीला टेप लावला, मग डाव्या. पुन्हा उजव्या. डावी मांडी उजवीपेक्षा चांगली उतरलेली होती. इतकी वर्षं याच पायांच्या चड्ड्या शिवल्या आहेत मी. दोन्ही मांड्या नेहमी सारख्या असायच्या, डावी किंचित भरदारच. माणूस पाय वापरायचा टाळतो तेव्हाच मांडी अशी उतरते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"होळीच्या सामन्यात. वळलो अन् आतमधून कटकन वाजलं." तो खाली बघत बोलत होता. "यवतमाळले डाक्टरकडं गेलतो. थे म्हनाले, आता हे चालासाठी ठीक हाय. पन अजून एकडाव तसं झालं तं जन्मभर लंगडत राहाशीन."

"मग हे पांढरं?"

"पंचाची परीक्षा देऊन राह्यलो काकू. लेखी झाली. आता मैदानावर घेनार हायत. पांढरे कपडे लागतात."

मला आधी बरं वाटलं. मग म्हटलं, "अरे, मग लपवतो काय? संदीपला सांग. गावाला सांग."

त्यावर तो जे बोलला ते मी विसरलेली नाही.

"सांगतलं तं त्याईले वाईट वाटन. मंग म्हनतीन, पट्टी बांध, सुई घे, एक सिझन काढ, गावासाठी. अन् काकू, थे म्हनतीन अन् मी उतरीन. मले माहीत हाय मी उतरीन. मैदानावर माह्या नावानं वरडले लोक का मले गुडगा दिसत नाई." मग म्हणाला, "शिव्या देल्या तं खाईन. पन तुमी कोनाले सांगू नोका. परीक्षेचा निकाल लागू द्या, पहिला सामना होऊ द्या. एकदा पंच म्हनून उभा राह्यलो का मंग कोनी काई करू शकत नाई."

मी हो म्हटलं. कपडे घरातल्या मशिनवर शिवायचे, दुकानात आणायचे नाहीत, असंही ठरलं. तो अंगणातून निघाला, मी त्याला सोडायला कुंपणापर्यंत गेले. टेप माझ्या गळ्यात तसाच होता. आणि नेमके त्या दिवशी बबनरावांना जेवण पचलं नव्हतं म्हणून ते शतपावलीला मागच्या गल्लीत आलेले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या कळंबात झालं. राजूनं माप दिलं. चोरून दिलं. सोबत गावचं कोणी नव्हतं. मग कोणासाठी दिलं?

इथं आमच्या लोकांच्या डोक्याचं कौतुक करावं का कपाळावर हात मारावा, मला अजून कळत नाही. राजू कपडे शिवायला आला असेल, हे कोणाच्याच मनात आलं नाही. टेप बघितला म्हणजे माप, आणि माप म्हणजे मंडळ. यवतमाळच्या एका तगड्या मंडळानं त्याला मागच्या वर्षी विचारलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात रफिकभाईंची बायको माझ्या घरी भाजी द्यायला आली तेव्हा मशिनवर पांढऱ्या कापडाचं टोक दिसलं.

"यवतमाळच्या मंडळाची जर्सी यंदा पांढरी आहे," देशपांडे सर चष्मा पुसत म्हणाले. "निळी पट्टी आणि पांढरं. पुरावा पुरेसा आहे."

"अहो, सुती कापड आहे ते. साधा शर्ट आहे," मी म्हटलं.

"शर्ट?" बबनराव ओरडले. "राजू जनमात शर्ट घालत नाई काकू. टी-शर्टवर लगनाले जाते थो. आमाले शेंड्या लावू नोका."

 खरं बोलूनही उपयोग नव्हता, आणि जास्त खरं बोलायची मला परवानगी नव्हती.

मग जे सुरू झालं ते मला बघवेना. बबनरावांचं प्रेम जितकं मोठं होतं तितकाच राग. राजू रस्त्यानं गेला की ते मान फिरवायचे, पण तो पुढे गेल्याशिवाय त्याच्या पाठीवरची नजर काढायचे नाहीत. चौकातल्या फलकावरून राजूचा फोटो कोणीतरी काढून टाकला. संदीप माझ्याकडे आला, उभ्यानंच म्हणाला, "काकू, तुमी आमच्याच गावच्या. येवढं तरी सांगाचं होतं." त्यानंतर त्यानं मंडळाच्या जर्सी यवतमाळला शिवायला टाकल्या. तो तोटा मी सहन केला, पण त्या जर्सीच्या काखा पाहिल्यावर माझा जीव तुटला.

एक गोष्ट मात्र अजून सलते. गणपतराव, राजूचे वडील, एके सकाळी दुकानात आले. कधी न येणारा माणूस. बाकड्यावर बसले नाहीत, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"बाई, मी तुमाले एकच इचारतो. माह्या पोरानं गावाले इकलं का?"

"नाही गणपतराव. त्यानं काहीच वाईट केलेलं नाही."

"मंग माप कोनाले देल्लं?"

मी मान खाली घालून मशिन चालवू लागले. त्यांनी चौकट सोडली आणि ते निघून गेले. पोरानं बापालाही सांगितलं नव्हतं. गणपतरावच सगळ्यात आधी त्याला मैदानावर नेऊन सोडतील अशी त्याला भीती होती, हे मला नंतर कळलं. पण त्या दिवशी त्या माणसाला तसंच परत पाठवलं याची टोचणी मला आजही आहे.

दिवाळी झाली. राजूचा फोन आला, "काकू, पास झालो." आवाज इतका हलका की मी ओळखलाच नाही आधी. आणि डिसेंबरात आमच्याच मैदानावर स्पर्धा लागल्या. मी कधी सामने बघायला जात नाही. इतक्या वर्षांत जर्सी पोचवायला गेले तेवढीच. त्या दिवशी मात्र मी बायकांच्या बाजूला जाऊन बसले. मला काय होणार हे बघायचं होतं.

पंच मैदानात आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, आणि त्यांच्यात राजू. शर्ट खांद्याला छान बसला होता, ते मी आधी पाहिलं. मग लोकांकडे पाहिलं.

आधी कोणाला काही कळेना. मग दोरीपाशी कुजबुज सुरू झाली, आणि ती वाढत बबनरावांपर्यंत गेली. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "अरे, हा तं पंच होऊन आला!" यवतमाळचं मंडळ समोर उभं होतं, त्यात राजू नव्हता. म्हणजे त्यानं गाव विकलेलं नव्हतं. मला वाटलं, आता बबनरावांना वाईट वाटेल, देशपांडे सर चष्मा पुसतील आणि विषय संपेल.

आमचा सामना यवतमाळशीच होता. आपल्याच गावच्या सामन्यात पंच कसा, असं कोणी विचारलं नाही. पंच कमी पडत होते, आणि यवतमाळचा कप्तान म्हणाला, "राजूभाऊ हाय ना, मंग चालते." सामना चुरशीचा झाला. शेवटी शेवटी आमच्या चढाई करणाऱ्या पोराचा खांदा निखळला. त्याला बाहेर नेलं. बदलीचा जो होता तो आधीच पाय मुरगळून बसलेला. आमचं मंडळ थोड्याच गुणांनी मागे होतं. वेळ जात होता आणि चढाईला जायला माणूसच नव्हता.

तेव्हा देशपांडे सर उभे राहिले. त्यांना मी इतक्या वर्षांत कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

"राजूनं कोणालाच माप दिलेलं नाही! ज्यानं बाहेर माप दिलं नाही तो गावचा! तो उतरू शकतो!"

मैदानाला काडी लागावी तसं झालं. बबनराव बाकावर चढले. "अरे हो! आपलाच हाय थो! राजू, शर्ट काढ! उतर राजू!" मग सगळेच. पोरं, म्हातारे, माझ्या आजूबाजूच्या बायकासुद्धा. राजू, राजू, राजू. संदीप हात पसरून त्याच्याकडे बघत होता, जर्सी हातात धरून. काल-परवापर्यंत ज्याला शिव्या दिल्या त्याला आता लोक प्रेमानं बोलावत होते, आणि त्या प्रेमाचीच त्याला भीती होती. पंच मधेच खेळाडू होऊ शकतो का, हा प्रश्नही कोणाला पडला नाही. दुसरे पंच काहीतरी सांगत होते, कोण ऐकतो.

राजू रेषेवर उभा होता. त्याचा चेहरा मला समोरून दिसत होता. तो हसत होता. खूप दिवसांनी त्याचं नाव त्यानं असं ऐकलं होतं. त्याचा हात गळ्याशी गेला. शिट्टीसाठी गेला असं मला वाटलं. पण नाही, वरचं बटण. त्यानं ते काढलं. मग दुसरं.

मी कशी उभी राहिले मला माहीत नाही. माझा आवाज दुकानातसुद्धा कधी चढला नसेल. पण त्या दिवशी मी ओरडले.

"माप देल्लं त्यानं!"

जवळचे लोक वळले. मी पुन्हा ओरडले.

"मी घेतलं माप! माह्या टेपनं घेतलं! पंचाचं माप देल्लं त्यानं! होळीपर्यंत पंचाचा हाय थो!"

गंमत बघा. डॉक्टरचं कोणी ऐकलं नसतं, दुसऱ्या पंचांचं ऐकत नव्हते. पण माप दिलं म्हटल्यावर काय बोलणार?  बबनराव बाकावरूनच देशपांडे सरांकडे वळले. सर अगदी कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "मग संपलं. माप म्हणजे माप." ओरडा हळूहळू बसला. संदीपनं जर्सी खाली केली.

राजू अजून बटणावर हात ठेवून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही बटणं लावली आणि शिट्टी वाजवली. संदीप स्वतःच चढाईला गेला, पकडला गेला, आणि आम्ही हरलो.

सामना संपल्यावर मी दोरीपाशी गेले. बबनराव राजूसमोर उभे होते. रागावलेले नव्हते, पण त्यांना राहवत नव्हतं.

"काहून पन?" ते म्हणाले. "काहून सोडलं राजू?"

"गुडगा गेला काका."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तुमी काय केलं असतं?"

  नुकतंच काय झालं ते सगळ्यांसमोर होतं, ओरडून ओरडून बबनरावांचा घसा बसला होता. त्यांनी मान खाली घातली आणि राजूच्या खांद्यावरची धूळ झटकली, जी तिथं नव्हती.

गणपतराव मागे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते पुढे आले आणि काही न बोलता वाकले. मुलाच्या पायापाशी वाकलेला बाप बघून राजू गडबडला. गणपतरावांनी पांढऱ्या पँटवरून त्याच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला, बैलाच्या दुखऱ्या पायावर ठेवतात तसा, आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"दुखते?" त्यांनी विचारलं.

"चालताना नाई दुखत बाबा."

"मंग चाल," गणपतराव म्हणाले, आणि दोघं चालत घरी गेले.